वादळाचे सांगणे आणि उन्हाचे मौन

दिवाळीला चार माणसे घरी जमली की बोलणे हवापाण्यावर जातेच. यंदा पाऊस कसा झाला, उन्हाळा कसा गेला, ‘निसर्ग’ वादळात कोणाच्या वाडीतली किती माडपोफळी आडवी झाली, हे विषय कोणाला शिकवावे लागत नाहीत. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेले ते वादळ ज्याने पाहिले, तो ते एकदा सांगून थांबत नाही. अशा बोलण्याला आपण गप्पा म्हणतो आणि साहित्याच्या ओसरीवरही बसू देत नाही. माझे म्हणणे असे की हाही एक वाङ्मयप्रकार आहे. त्यात कसदार आणि पोकळ असा भेद आहे, खरे आणि खोटे आहे, आणि कथाकादंबरीप्रमाणे त्याचीही पारख करता येते. ही पारख करताना एक गोष्ट मला सारखी खुपत आली. वादळ सांगणारे पुष्कळ भेटतात. ऊन सांगणारा सहसा भेटत नाही. असे का व्हावे, आणि त्याची किंमत कोण मोजतो, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम वादळाकडे वळू. डॅनियल डिफो हे नाव आपल्याकडे रॉबिन्सन क्रूसोमुळे लहानथोरांना ठाऊक आहे. त्या कादंबरीच्या पंधरा वर्षे आधी, १७०४ साली, त्याने ‘द स्टॉर्म’ नावाचे एक पुस्तक काढले. मॅट्रिकपुरत्या इंग्रजीच्या बळावर, कोश शेजारी ठेवून, मी ते वाचले, आणि क्रूसोइतकेच ते मनात राहिले. २६ नोव्हेंबर १७०३ च्या रात्री, तिकडच्या जुन्या पंचांगाप्रमाणे, दक्षिण इंग्लंडवर एक भयंकर वादळ आले. हजारो माणसे, बहुतेक खलाशी, बुडून मेली. एडिस्टनचे दीपगृह ते बांधणाऱ्या हेन्री विन्स्टन्लीसकट रातोरात नाहीसे झाले. बाथ आणि वेल्सचे बिशप आणि त्यांची पत्नी धुराडे कोसळून अंथरुणातच मरण पावले. डिफो त्याच महिन्यात तुरुंगातून सुटलेला, खिसा रिकामा, माथ्यावर बदनामी. त्याने केले काय, तर वर्तमानपत्रातून लोकांना आवाहन केले की ज्याने जे पाहिले असेल ते लिहून पाठवावे. पत्रे आली. त्यांतली साठेक त्याने आपल्या पुस्तकात घातली.

पुस्तक या पत्रांवर उभे आहे. गावोगावच्या माणसांनी आपापल्या भाषेत लिहिलेल्या मजकुराला डिफोने फारसा रंधा मारला नाही. उलट, ही भाषा खेडवळ वाटली तरी ती लिहिणाऱ्याची आहे, अशी त्याने वाचकांजवळ आधीच रदबदली करून ठेवली. म्हणून त्यात असे काही सापडते की जे कोणत्याही कादंबरीकाराला सुचले नसते. ससेक्समधला एक डॉक्टर वादळानंतर समुद्रापासून वीसेक मैल आत प्रवास करीत होता. वाटेत त्याने कुंपणाचे शेंडे तोडून चघळले, तर ते खारट लागले. हे ऐकून ल्यूइस गावच्या काही बायकांनी वेलीवर राहिलेली द्राक्षे चाखून पाहिली, तीही खारट. वाऱ्याने समुद्र उचलून किती दूर नेला, हे सांगायला याहून चांगले वाक्य मला तरी लिहिता येणार नाही. जिभेवरची ती चव तीनशे वर्षांनीही आपल्यापर्यंत पोचते.

डिफो स्वतःही असाच सांगतो. केंट परगण्यात उन्मळून पडलेली झाडे तो मोजू लागला, सतरा हजारांपर्यंत आला आणि थकून थांबला. ‘असंख्य झाडे पडली’ असे लिहिणे सोपे होते. पण थकेपर्यंत मोजणारा माणूस दिसला की आकड्यावर विश्वास बसतो. पुढे तो कौलांचा भाव देतो: वादळापूर्वी हजार कौलांना एकवीस शिलिंग पडत, ती वादळानंतर सहा पौंडांवर, म्हणजे जवळजवळ सहापटीवर गेली, आणि गरिबांना घरांवर नुसत्या फळ्या ठोकून हिवाळा काढावा लागला. कोकणातल्या वाचकाला याचा अर्थ फोडून सांगायला नको. वादळ एका रात्रीत जाते, छप्पर मात्र पुढले कित्येक महिने जात राहते, हे ज्याला कळले तो खरा सांगणारा.

मला सर्वांत आवडलेली जागा मात्र वेगळीच आहे. वादळाच्या आधी डिफोच्या घरातल्या वायुभारमापकाचा पारा इतका खाली गेला होता, की त्याला वाटले, मुलांनी नळीशी काही खेळ केला असावा. पारा खरेच सांगत होता. भयंकर गोष्ट दारात आली असता शहाणा माणूसही आधी पोरांवर संशय घेतो. ही घरगुती ओळ पुस्तकात ठेवण्याचा मोकळेपणा डिफोजवळ होता, आणि तेवढ्यासाठी त्याची लांबलचक प्रवचने मी सोसली. तशी ती बरीच आहेत. वाऱ्याची कारणे, ईश्वराचा कोप, नास्तिकांना दिलेले इशारे यांत पाने खर्ची पडली आहेत. शिवाय पत्रे लिहिणाऱ्यांत धर्मोपदेशकांचा भरणा मोठा, त्यामुळे देवळाच्या छपराचे शिसे कसे गुंडाळले गेले हे आपण पुन्हापुन्हा वाचतो. बुडालेल्या खलाशांची पत्रे येणार कोठून? पुस्तकाचा हा सर्वांत मोठा दोष आहे, आणि तो डिफोच्या हातचा नाही. जो वाचतो तोच सांगतो.

सांगणाऱ्याइतकाच ऐकणाराही महत्त्वाचा. हे जोसेफ कॉनरॅडच्या १९०२ सालच्या ‘टायफून’ या दीर्घकथेत दिसते. नान-शान नावाची आगबोट दोनशे चिनी मजुरांना घेऊन फूचाऊ बंदराकडे निघाली आहे. वर्षानुवर्षांच्या मजुरीचे रुपेरी डॉलर त्यांनी लाकडी पेट्यांत ठेवले आहेत. कप्तान मॅकव्हर हा कल्पनाशक्तीचा स्पर्शही नसलेला गृहस्थ. वादळाला वळसा घालावा असे पुस्तकात लिहिले आहे, पण जे अजून पाहिले नाही त्याला वळसा घालणे त्याला पटत नाही. तो बोट सरळ वादळात घालतो. पेट्या फुटतात, डॉलर घरंगळतात, तळघरात मारामारी जुंपते. आणि हाच मठ्ठ माणूस त्या कल्लोळात पैसे गोळा करवून पुढे सर्वांना सारखे वाटून देतो.

कॉनरॅडची करामत अशी की वादळाचा दुसरा, अधिक भयंकर तडाखा तो सांगतच नाही. कथा एकदम बंदरात येते आणि आपण पाहतो ती माणसांनी घरी धाडलेली पत्रे. कप्तानाने बायकोला कळवले आहे की त्या पहाटे दोन तास, आपली बोट आता तरत नाही आणि बायकामुले पुन्हा दिसत नाहीत, असे त्याला वाटले होते. बायको जांभई दाबत पत्र चाळते. ती ओळ तिच्या नजरेस पडतच नाही. ती कोणाला कळली असेल तर चोरून पत्र वाचणाऱ्या बोटीवरच्या नोकराला. वादळाच्या वर्णनासाठी या कथेची वाखाणणी होते, ती योग्यच आहे. पण मला ती न ऐकल्या गेलेल्या पत्राची कथा वाटते. डिफोकडे ऐकणारा होता, म्हणून पत्रांचे पुस्तक झाले. मॅकव्हरकडे तो नव्हता.

आता उन्हाकडे येऊ. वादळाला आरंभ असतो, कळस असतो, शेवट असतो. ते गोष्टीचा आकार घेऊनच येते. ऊन तसे नाही. ते सकाळी चढते, संध्याकाळी उतरते, दुसऱ्या दिवशी पुन्हा चढते. त्यात काही घडत नाही, आणि काही न घडणे सांगायला फार मोठी ताकद लागते. ‘ऋतुसंहारा’चा आरंभच ग्रीष्माने करणाऱ्या कालिदासाने ही अडचण ओळखली होती. ऊन किती आहे हे सांगण्यापेक्षा वैर कसे विसरले गेले हे त्याने दाखवले: साप मोराच्याच पिसाऱ्याच्या सावलीत येऊन पडतो, बेडूक सापाच्या फणीखाली बसतो, सिंहाला हत्तीवर धावून जाण्याचे त्राण राहत नाही. उन्हाने काय केले यापेक्षा उन्हामुळे काय व्हायचे राहिले, हे सांगण्याची युक्ती त्याला साधली. पण तेथे ऊन अरण्यातले आहे. माणसांचे ऊन कोणी सांगायचे?

आपल्या कथांतून ते कसे येते पाहा. सूर्य आग ओकत असतो, रस्ते ओस पडलेले असतात, झाडाचे पानही हलत नसते. विदर्भातल्या ज्या गावात मी शिकवतो तेथे मेच्या दुपारी रस्ते ओस पडत नाहीत. डोक्याला दुपट्टा गुंडाळून भाजीची गाडी ढकलणारा असतो, डांबराच्या पिंपाशेजारी उभा असलेला मजूर असतो, हंडा घेऊन निघालेली बाई असते. ‘रस्ता ओस’ हे वाक्य खिडकीला वाळ्याची ताटी लावून आत बसलेल्या माणसाचे आहे. त्याला रस्त्यावर आपल्यासारखे कोणी दिसले नाही, एवढाच त्याचा अर्थ. इंग्लंडच्या वादळाची हकिगत धर्मोपदेशकांनी लिहिली. आपल्या उन्हाची हकिगत कूलरजवळ बसलेल्यांनी लिहिली.

माझे विद्यार्थीही हीच भाषा उचलतात. ‘उन्हाळ्यातील दुपार’ या विषयावर वह्याच्या वह्या तपासल्या तर आंबे, कुल्फी आणि आग ओकणारा सूर्य यांपलीकडे फारसे काही निघत नाही. एका वर्षी मात्र एका मुलीने लिहिले की, नवतपाच्या दिवसांत आजी दुपारी बोलत नाही, कारण बोलले की तहान लागते आणि पाणी संध्याकाळी येते. शुद्धलेखनाच्या चार चुका असूनही मी तिला वर्गात पहिला क्रमांक दिला. चघळलेल्या कुंपणाच्या खारट शेंड्याच्या तोडीचे ते वाक्य होते.

उन्हाविषयी आपण सांगतो ते आकडे. राजस्थानात फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश, हे पोरेही सांगतात. आकडा खोटा नसतो असे मात्र नाही. लिबियातील अल अझीझिया येथे १३ सप्टेंबर १९२२ रोजी ५८ अंश झाले, हा जगाचा उच्चांक नव्वद वर्षे पुस्तकांतून छापला जात होता. नवख्या निरीक्षकाने यंत्र चुकीचे वाचले असावे, असे ठरवून जागतिक हवामान संघटनेने २०१२ साली तो रद्द केला. २९ मे २०२४ रोजी दिल्लीत मुंगेशपूरच्या केंद्रावर ५२.९ अंश नोंदले गेले तेव्हा देशभर खळबळ उडाली. हवामान खात्याच्या तपासणीत ते यंत्र तीन अंश जास्त दाखवीत असल्याचे निघाले. डिफोचा पारा खरा होता आणि त्यावर विश्वास बसला नाही. या आकड्यांवर विश्वास बसला आणि ते खरे नव्हते. उच्चांकाची हौस ही अनुभवाची जागा घेऊ शकत नाही.

आणि येथे प्रश्न केवळ साहित्याचा राहत नाही. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांपर्यंत गेला. त्या महिन्यात नेहमीच्या मानाने १३४४ माणसे जास्त मेली, हे पुढे मृत्यूंच्या नोंदी इतर वर्षांशी ताडून पाहिल्यावर कळले. वादळात इतकी माणसे गेली असती तर त्याच संध्याकाळी सगळा देश हळहळला असता. ही माणसे एकेकटी, आपापल्या घरी, ताप, हृदय, म्हातारपण अशा नावांखाली गेली. उष्माघाताचे दुष्टपण असे, की तो आधी शुद्ध हरवतो. घाम सुकून अंग थंड करण्याचा शरीराचा मार्ग अपुरा पडला, आतला ताप चाळीस अंशांपलीकडे चढला, की माणूस बरळू लागतो, आणि जे घडते आहे त्याचा साक्षीदारच त्यातून निघून जातो. वादळातून वाचलेला सांगतो. उन्हातून वाचलेल्याला पुष्कळदा आठवतच नाही.

मोजणी झाली म्हणून २०१३ साली अहमदाबाद शहराने उन्हाविरुद्ध रीतसर आराखडा केला. तिथल्या एका इस्पितळात सर्वांत वरच्या, तापणाऱ्या मजल्यावरचा नवजात बालकांचा विभाग खालच्या मजल्यावर आणला गेला, आणि उन्हाने आजारी होणारी बाळे कमी झाली. वरच्या मजल्यावर बाळे भाजत आहेत, हे आधी कोणीतरी पाहिले आणि कोणीतरी ऐकले, तेव्हा हे झाले. सांगण्या-ऐकण्याचे मोल ते हेच.

१९५६ साली दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ने मराठी वाचकाला महिन्यामहिन्याचे झाडपान पाहायला शिकवले. माणसांच्या उन्हाचे तसे पुस्तक अजून व्हायचे आहे, आणि ते एका लेखकाने ताटीआड बसून लिहिण्याचे नाही. डिफोने दिली तशी जाहिरात एखाद्या संपादकाने द्यावी: मेच्या दुपारी तुम्ही काय पाहिले, ते आपल्या भाषेत लिहून पाठवा; लिहिता येत नसेल तर सांगा, आम्ही लिहून घेऊ. वीटभट्टीवरची बाई, एस.टी.चा कंडक्टर, पोस्टमन, रात्रपाळीची परिचारिका यांची पत्रे त्यात यावीत. भाषा खेडवळ असेल, शुद्धलेखन चुकेल. ते तपासायला आम्ही मास्तर आहोतच. मजकुराला मात्र हात लावू नये.