गारयुक्त खडकांचे मूल्यमापन : प्रचलित निकषांची चिकित्सा

प्रस्तावना :
गार अर्थात क्वार्टझ या खनिजाने समृद्ध असलेल्या खडकांची उपयुक्तता ठरविताना सिलिकाच्या टक्केवारीलाच अग्रमान देण्याची प्रथा रूढ आहे. हा निकष आवश्यक असला तरी पुरेसा नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

सिलिका आणि गार :
सोलापूर परिसरातील बेसाल्टमध्ये सिलिका साधारणतः ५० टक्क्यांच्या आसपास असते. परंतु ती मुख्यत्वे फेल्स्पार व पायरॉक्सीन या खनिजांत बद्ध असते. येथे गार भेटते ती खडकातील पोकळ्यांत, अकीक, कॅल्सेडोनी वा स्फटिकरूपाने. याउलट सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कासार्डे परिसरात वालुकाश्मांपासून सिलिका वाळू मिळते. म्हणजेच केवळ रासायनिक पृथक्करण पुरेसे नाही. खडकाच्या पातळ छेदाची सूक्ष्मदर्शकीय तपासणीही तितकीच अपरिहार्य आहे.

उपयोगानुसार बदलणारे गुणदोष :
रंगहीन काचेसाठी लोह हा प्रमुख दोष होय. त्याचा अल्पसा अंशही काचेला हिरवट छटा देतो. ओतकामाच्या वाळूत मात्र कणांचा आकार, त्यांची प्रतवारी व मातीचे प्रमाण निर्णायक ठरते. शिवाय ५७३ अंश सेल्सिअसला गारेची स्फटिकरचना बदलून ती एकाएकी प्रसरण पावते व ओतीव वस्तूत दोष उद्भवू शकतात. शोभेच्या दगडात हेच लोह तांबूस-पिवळ्या रंगाचे कारण, म्हणून गुण ठरते. मोहस् मापनश्रेणीतील ७ ही कठीणता झिलई टिकविते, पण त्याच कारणाने कापणी खर्चिक होते. तात्पर्य, उपयोग निश्चित केल्याविना ‘उत्तम प्रत’ हा शेरा निरर्थक आहे.

शासकीय वर्गीकरणही स्थिर नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये क्वार्टझ, क्वार्टझाइट व सिलिका वाळू यांची गणना गौण खनिजांत झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये क्वार्टझ पुन्हा प्रमुख खनिजांत गेले. खनिजाचे गुणधर्म मात्र या काळात तसूभरही बदलले नाहीत.

उपेक्षित निकष :
गारेची सूक्ष्म धूळ फुप्फुसांत साचून सिलिकोसिस हा असाध्य विकार जडतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये श्वसनावाटे शरीरात जाणारी स्फटिकरूप सिलिका कर्करोगजनक घोषित केली. गुजरातेतील खंभात येथील अकीक घासणाऱ्या कारागिरांत हा विकार दीर्घकाळ आढळत आला आहे. गारेचा चुरा व राळ यांपासून बनणाऱ्या कृत्रिम फरश्यांवर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून बंदी घातली, तीही कामगारांच्या आरोग्यासाठीच. जो मणी वा ओटा आपण सौंदर्याच्या निकषावर पारखतो, त्याची किंमत कारागिराच्या श्वासाने चुकती होत असेल, तर ते मूल्यमापन अपूर्णच म्हटले पाहिजे.

निष्कर्ष :
खनिजशास्त्रीय घटना, नियोजित उपयोगास अनुरूप भौतिक गुणधर्म, अपद्रव्ये आणि प्रक्रियेत निर्माण होणारी धूळ या चारही बाबींची नोंद एकाच तक्त्यात व्हावी. ओल्या पद्धतीने कापणी, धूळ शोषण्याची यंत्रणा व कामगारांची नियतकालिक तपासणी यांचा खर्च दगडाच्या उत्पादनखर्चातच धरावा. महाविद्यालयीन प्रकल्प-अहवालांत हा चौथा रकाना समाविष्ट करणे सहज शक्य आहे. भूविज्ञान, रसायनशास्त्र व अर्थशास्त्र या विभागांनी त्यासाठी एकत्र यावे.