कंट्रोल ग्रुपमध्ये कोण होतं?

बारामती-इंदापूरकडच्या मुलांना ‘कंट्रोल’ म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. उसाच्या प्रयोगात एक प्लॉट बिनखताचा ठेवायचा आणि शेवटी दोन्हीकडचं टनेज मोजायचं, हे आपण लहानपणापासून बघतो. बिनखताच्या प्लॉटला टनेज कमी भरलं तर कुणाला वाईट वाटत नाही. उलट फरक दिसला म्हणून बरंच वाटतं. मीसुद्धा एम.एस्सी.ला असताना याच नजरेने पेपर वाचायचो. मेडिकल रिसर्च वाचताना ही सवय सोडावी लागते. का, ते एका पेपरवरून सांगतो.

इंदापूरहून सोलापूर हायवेने टेंभुर्णी आणि पुढे कुर्डुवाडी करत बार्शीला जाता येतं. तिथलं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात एक मोठी चाचणी केली. विषय होता गर्भाशयमुखाचा कॅन्सर. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका, गावांचे ५२ समूह. चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे चार गट केले. तीन गटांत वेगवेगळ्या पद्धतीने तपासणी झाली: एचपीव्ही टेस्ट, पॅप टेस्ट आणि व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटातल्या ३१,४८८ बायकांना मिळाली ‘स्टँडर्ड केअर’. एप्रिल २००९ मध्ये हा पेपर ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला.

निकाल मोठा होता. एचपीव्ही टेस्टच्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, कंट्रोलमध्ये ६४. आयुष्यात एकदाच केलेली टेस्ट मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते, हे आपल्याच खेड्यांतून जगाला कळलं. या कामाचं मोल मी कमी करत नाही.

माझा आक्षेप ‘स्टँडर्ड केअर’ या शब्दाला आहे. जिथे तपासणीची सरकारी व्यवस्थाच नव्हती, तिथे याचा अर्थ होतो ‘तपासणी नाही’. मग तसंच का लिहू नये? ६४ हा आकडा टेबलमध्ये वाचताना आपण पटकन पुढच्या ओळीवर जातो, याला हा गुळगुळीत शब्दही जबाबदार आहे.

हा वाद जुना आहे. अमेरिकेतले डॉक्टर एरिक सुबा यांनी २०१४ मध्ये मुंबईच्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये उस्मानाबाद, मुंबई आणि तमिळनाडू इथल्या अशा तीन चाचण्यांवर टीका केली. त्यांच्या हिशेबाने तिन्हींत मिळून १,३८,६२४ बायका तपासणीविना ठेवल्या गेल्या आणि त्यांतल्या २५४ जणी या कॅन्सरने गेल्या. पॅप टेस्टने मृत्यू कमी होतात हे पाश्चात्त्य देशांत आधीच दिसलं होतं, मग कंट्रोल कशाला, हा त्यांचा मुद्दा.

दुसरी बाजूही ऐका. तेव्हा या बायकांना एरवीही तपासणी मिळत नव्हतीच. शिवाय परदेशात चाललेली पद्धत आपल्या खेड्यात चालेलच असं नाही. याच पेपरमध्ये पॅप टेस्टच्या गटात मृत्यू लक्षणीय कमी झालेले दिसत नाहीत. म्हणजे प्रश्न खरा होता. पण तपासण्यांची आपसात तुलना करूनही बरंच काही कळलं असतं, हेही तितकंच खरं.

आता जर्नलचं काम काय? हेलसिंकी जाहीरनाम्यात १९७५ च्या दुरुस्तीपासून हे आहे की, जाहीरनाम्याच्या तत्त्वांत न बसणारं संशोधन छापायला घेऊ नये. म्हणजे नैतिकता फक्त एथिक्स कमिटीच्या सहीपाशी संपत नाही. ती संपादकाच्या टेबलावरही तपासायची असते. माझ्या मते असा पेपर छापावा, पण तीन उत्तरं मुख्य मजकुरात घेऊनच: कंट्रोलला काय दिलं नाही, ते त्या बायकांना त्यांच्या भाषेत कसं सांगितलं, आणि फायदा दिसल्यावर त्यांची तपासणी कधी झाली. ‘कमिटीची परवानगी घेतली, संमती घेतली’ या ठरावीक ओळीतून यातलं काहीच कळत नाही.

तुम्ही उद्या पीएच.डी.ला बसाल तेव्हा पेपर निकालापासून वाचू नका. आधी मेथड्समध्ये कंट्रोलचा परिच्छेद काढा आणि हीच तीन उत्तरं शोधा. ‘स्टँडर्ड’, ‘युज्वल’, ‘रूटीन’ असे शब्द दिसले की त्या गावात, त्या वर्षी त्याचा अर्थ काय होता ते वहीत साध्या मराठीत लिहा. भारतातली चाचणी असेल तर सीटीआरआयवर तिची नोंद उघडून बघा. आणि स्वतःचा पेपर लिहाल तेव्हा एक करा: कंट्रोलचा परिच्छेद त्या गटातल्या एखाद्या बाईला वाचून दाखवता येईल का, हे स्वतःला विचारा. वाचताना अडखळलात, तर तो परिच्छेद पुन्हा लिहा. तरीही अडखळलात, तर अडचण परिच्छेदात नाही, प्रयोगाच्या आखणीत आहे. गाईडकडे जायला तेव्हाच उशीर करू नका.