रोल केलेले आटे मजबूत का असतात? पाठ्यपुस्तकातल्या एका चित्राची उलटतपासणी

मेकॅनिकल किंवा प्रॉडक्शनचं कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा, आटे पाडण्याच्या प्रकरणात एक चित्र हमखास सापडतं. शेजारी शेजारी दोन बोल्ट उभे कापून दाखवलेले असतात. डावीकडचे आटे लेथवर कापलेले. धातूतल्या बारीक आडव्या रेषा आट्याच्या कडेपाशी येऊन कचकन तुटलेल्या दिसतात. उजवीकडचे आटे रोल केलेले. तिथे त्याच रेषा आट्याच्या चढउताराबरोबर लाटेसारख्या वळत जातात, कुठेच तुटत नाहीत. खाली ओळ असते: ग्रेन फ्लो अखंड राहतो, म्हणून रोल केलेला आटा जास्त मजबूत.

हे चित्र थ्रेड रोलिंग मशीन विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकात असतं, बोल्ट विकणाऱ्यांच्या वेबसाइटवर असतं आणि तोंडी परीक्षेत हमखास विचारलंही जातं. निष्कर्ष बरोबर आहे: वारंवार बदलणाऱ्या भाराखाली रोल केलेला आटा खरोखर जास्त टिकू शकतो. माझी तक्रार 'म्हणून' या शब्दाबद्दल आहे. चित्र जे कारण सांगतं, त्याचा वाटा छोटा आहे. मोठं कारण चित्रात दिसतच नाही. आणि चुकीचं कारण डोक्यात बसलं की पुढे खरेदीत आणि ड्रॉइंगमध्ये चुका होतात. त्या कशा, ते शेवटी बघू.

आधी मशीन काय करतं ते पाहू

समजा आपल्याला एम१० आकाराचा बोल्ट बनवायचा आहे, पिच १.५ मिलिमीटर. कापून आटे पाडायचे तर १० मिलिमीटरचा गोल बार घ्यायचा आणि टूलने किंवा डायने खाचा कोरायच्या. कोरलेला धातू बुरा म्हणून खाली पडतो.

रोलिंगमध्ये बुरा पडतच नाही. इथे साधारण ९ मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत ब्लँक घेतात. तो दोन कडक डायच्या मध्ये जातो. डायवर आट्यांचा उलटा ठसा तिरका कोरलेला असतो. सपाट डायच्या मशीनमध्ये एक डाय स्थिर असते आणि दुसरी पुढे-मागे सरकते. ब्लँक दोन्हींमध्ये, तळहातांमध्ये वात वळावी तसा, गोल फिरत जातो आणि एका फेरीत आटे तयार होऊन बाहेर पडतो. छोटे स्क्रू मिनिटाला शंभराहून जास्त निघतात. मोठ्या कामासाठी दोन किंवा तीन गोल डायची मशीन असतात.

डायचे उंचवटे धातूत रुततात आणि तिथला धातू दबून वर सरकतो. खाच जितकी खोल जाते तितकं शेजारचं शिखर वर येतं. म्हणूनच ९ च्या ब्लँकमधून १० चा आटा मिळतो. क्षेत्रफळाचा हिशेब केला, तर आट्यांच्या लांबीत साधारण १९ टक्के धातू कमी लागतो. वेग आणि ही बचत, एवढ्यावरच रोलिंगने बाजार जिंकला असता. मजबुतीची गोष्ट त्यावर बोनस.

चित्रावरचे तीन आक्षेप

पहिला आक्षेप नावाला. त्या रेषा ग्रेनच्या नसतात. ग्रेन म्हणजे धातूतला एकेक स्फटिककण, साधारण काही मायक्रोमीटर ते दहा-वीस मायक्रोमीटर एवढा. आम्लाने खोदलेल्या नमुन्यात ज्या लांबच लांब रेषा दिसतात, त्या पोलादातली अशुद्धी, मुख्यतः मँगनीज सल्फाइडचे ताणले गेलेले धागे, आणि रचनेतले सूक्ष्म फरक यांच्या असतात. कारखान्यात गरम बार लाटताना त्या बारच्या दिशेने ओढल्या जातात. 'अखंड तंतू' म्हटलं की डोळ्यांसमोर लाकूड येतं. पण लाकूड तंतूच्या दिशेने जेवढं मजबूत असतं, त्याच्या मानाने आडवं फारच कमकुवत असतं. चांगल्या, स्वच्छ पोलादात हा फरक खूपच कमी असतो. लाकडाची उपमा पोलादाला लावली की इथेच घसरायला होतं.

दुसरा आक्षेप तडा जाण्याच्या जागेबद्दल. बोल्ट फटीगने तुटतो तेव्हा तडा बहुतेक वेळा नटमधल्या पहिल्या आट्याच्या तळाशी सुरू होतो, कारण नटातल्या एकूण भाराचा साधारण एक तृतीयांश हा पहिला आटाच उचलतो. तिथून तडा बोल्टच्या आत, आडवा, अक्षाशी काटकोनात जातो. आता डावीकडचं चित्र पुन्हा बघा. तुटलेल्या रेषा कुठे आहेत? आट्याच्या दातात. तळाच्या खाली, जिथून तडा आत जातो, तिथे रेषा सरळ आणि पूर्ण अखंड आहेत! कापलेल्या बोल्टमध्येही तड्याला त्या रेषा आडव्याच ओलांडाव्या लागतात आणि रोल केलेल्या बोल्टमध्येही. म्हणजे चित्र ज्या जागेकडे बोट दाखवतं, तिथे बोल्ट सहसा तुटतच नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात पटणारा वाटतो, कारण त्यात आकडे आहेत. ८.८, १०.९, १२.९ या वर्गांचे बोल्ट हार्डनिंग आणि टेंपरिंग करून बनवतात. १०.९ म्हणजे तन्य ताकद १००० मेगापास्कल आणि कायमचं ताणलं जाण्याची मर्यादा त्याच्या ९० टक्के. आता क्रम दोन प्रकारे लावता येतो. आधी आटे रोल करा, मग हार्डनिंग. किंवा आधी हार्डनिंग, मग रोल.

जर्मन अभियंता संघटनेची व्हीडीआय २२३० ही बोल्ट-जोडांच्या गणिताची मार्गदर्शिका जगभर वापरली जाते. तिच्यात दोन्ही क्रमांसाठी वेगळी सूत्रं आहेत. पहिल्या क्रमासाठी बोल्ट जो बदलता ताण दीर्घकाळ सोसू शकतो तो असा काढायचा: १५० ला व्यासाने भागा, ४५ मिळवा, मग ०.८५ ने गुणा. एम१० साठी उत्तर येतं ५१ मेगापास्कल, म्हणजे सरासरीच्या वर ५१ आणि खाली ५१. हजार मेगापास्कलचा बोल्ट, आणि बदलता ताण सोसायची ताकद त्याच्या जेमतेम ५ टक्के! बोल्टवर हा भार होतो सुमारे ३ किलोन्यूटन, म्हणजे ३०० किलो वजनाइतका. आणखी एक गंमत: या सूत्रात बोल्टचा वर्ग कुठेच नाही. ८.८ च्या जागी १२.९ लावला म्हणून हा आकडा वाढत नाही.

दुसऱ्या क्रमासाठी, म्हणजे हार्डनिंगनंतर रोल केलं तर, याच आकड्याला आणखी एका संख्येने गुणायचं. ती संख्या म्हणजे २ वजा बोल्टवरच्या सरासरी भाराचं त्याच्या यील्ड मर्यादेशी गुणोत्तर. बोल्ट मर्यादेच्या ७० टक्क्यांपर्यंत ताणलेला असेल तर गुणक १.३ आणि उत्तर सुमारे ६६ मेगापास्कल. ३० टक्क्यांपर्यंतच ताणलेला असेल तर गुणक १.७, उत्तर सुमारे ८७.

आता थांबून विचार करा. हे दोन्ही बोल्ट रोल केलेले आहेत. सल्फाइडचे धागे हार्डनिंगच्या भट्टीत सरळ होत नाहीत, त्यामुळे दोन्हींमध्ये त्या रेषा सारख्याच वळलेल्या दिसतील. पाठ्यपुस्तकाच्या चित्रात दोघांना उजवीकडचीच जागा मिळेल. तरी एक दुसऱ्यापेक्षा ३० ते ७० टक्के जास्त बदलता ताण सोसतो. शिवाय हा फायदा बोल्ट किती आवळला आहे त्यावर बदलतो. रेषा काही आवळल्याने बदलत नाहीत. मग रेषा हे कारण कसं असेल?

मग खरं कारण काय?

मुंबईच्या लोकलमधली चौथी सीट आठवा. बाक तिघांचा, बसलेत चौघे. कोणी धक्का देत नाहीये, गाडी थांबलेली आहे, तरी चौघंही दाबले गेलेत. दाब बाहेरून येत नाही, तो त्या व्यवस्थेतच अडकलेला आहे.

आट्याच्या तळाशी नेमकं हेच होतं. डाय तिथला पृष्ठभागाचा थर इतका दाबते की तो कायमचा पसरतो. आतला गाभा मात्र फक्त स्प्रिंगसारखा दबलेला असतो. डाय निघून गेली की गाभा मूळ मापाला परत येऊ बघतो. पसरलेल्या थराला आता पुरेशी जागा उरत नाही आणि तो कायम दाबाखाली राहतो. याला अवशिष्ट दाब म्हणायचं. फटीगचा तडा वाढायला तो उघडावा लागतो, आणि उघडायला ओढ लागते. बाहेरच्या भाराची ओढ आधी हा दाब संपवण्यात खर्च होते. याच्या जोडीला दाबाने तो थर कडकही होतो आणि डायमुळे तळ गुळगुळीत येतो.

आता वरचे दोन्ही आकडे जागेवर बसतात. हार्डनिंगसाठी पोलाद साधारण ८५० अंश सेल्सिअसला नेतात. तिथे त्याची स्फटिकरचनाच बदलते, नवे ग्रेन जन्मतात. रोलिंगने दिलेला दाब आणि कडकपणा दोन्ही पुसले जातात. चौथा माणूस उठून गेला. आणि बोल्ट जास्त आवळला तर? बाक लांबवल्यासारखं होतं, गर्दी सैल होते. आट्याच्या तळाशी ताण एकवटत असल्याने तिथला धातू किंचित ताणला जातो आणि अडकलेला दाब कमी होतो. म्हणून गुणक १.७ वरून १.३ वर येतो.

हा दाब मोजता येतो. क्ष-किरण स्फटिकावर पाडले की अणूंच्या थरांमधलं अंतर कळतं, आणि दाबाखाली ते अंतर किंचित बदलतं. एम१० च्या आट्याच्या तळाची वक्रता-त्रिज्या मात्र फक्त ०.२ मिलिमीटरच्या आसपास असते, आणि पोलादात हे किरण काही मायक्रोमीटरच शिरतात. खोलवरचं बघायचं तर एकेक थर विजेच्या साहाय्याने विरघळवून काढायचा आणि पुन्हा मोजायचं. वळलेल्या रेषा दाखवायला आम्ल आणि सूक्ष्मदर्शक पुरतो. दाब दाखवायला एवढा खटाटोप. मला वाटतं, चित्र टिकून राहण्यामागे हेही एक कारण आहे: जे सहज दिसतं तेच छापलं जातं.

चित्राच्या बाजूने

चित्र पूर्ण टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. धातू कापला जातो आणि धातू सरकवला जातो, हा फरक ते एका नजरेत शिकवतं. कापलेल्या आट्याच्या पृष्ठभागावर सल्फाइडच्या धाग्यांची टोकं उघडी पडतात हे खरं आहे, आणि पोलाद गलिच्छ असेल तर तिथून तडा सुरू होऊ शकतो. आट्याचा दात कातरून निघण्याचा प्रश्न असेल तेव्हाही वळलेल्या रेषांचा काही उपयोग आहे. आक्षेप एवढाच की छोट्या कारणाला एकमेव कारण बनवलंय.

याने फरक काय पडतो?

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात रोज असंख्य बोल्टांची ड्रॉइंग हातातून जातात. ड्रॉइंगवर 'थ्रेड रोल केलेला हवा' एवढंच लिहिलं, तर बोल्ट बनवणारा आधी रोल करून मग हार्डनिंग करेल. त्यात त्याची काहीच लबाडी नाही. मऊ ब्लँकवर डाय खूप टिकते. ३२ ते ३९ रॉकवेल सी कडकपणाच्या १०.९ च्या ब्लँकवर ती लवकर झिजते, आणि डाय महाग असते. चित्रावर विश्वास ठेवणारा डिझाइनर मात्र समजतो की रेषा वळल्या, काम झालं. कागदावर त्याने ६६ धरलेले असतात, हातात आलेला बोल्ट ५१ चा असतो. इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडसारख्या ठिकाणी हा फरक कागदावर राहत नाही.

उलटंही होतं. पैसे मोजून हार्डनिंगनंतर रोल केलेला बोल्ट घेतला आणि मग गंज नको म्हणून सुमारे ४५० अंशाच्या वितळलेल्या जस्तात बुडवला, तर विकत घेतलेला दाब बराचसा सैल होतो. किंवा आटा घट्ट जातोय म्हणून कापायची डाय फिरवून 'साफ' केला, तर दाबाखालचा थरच खरवडला जातो. दोन्ही वेळा वळलेल्या रेषा बहुतेक जागच्या जागी असतात, त्यामुळे चित्राप्रमाणे सगळं ठीकच दिसतं.

म्हणून बोल्टवरचा भार सतत बदलणारा असेल, तर पुरवठादाराला 'रोल केलाय का' एवढ्यावर सोडू नका. हार्डनिंगच्या आधी की नंतर, हे विचारा. त्यानंतर बोल्ट कुठल्या तापमानातून गेला, हेही विचारा. मग स्वतःला विचारा की आपण तो किती आवळणार आहोत.

आणि पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांना एक विनंती. त्या चित्रात तिसरा बोल्ट काढा: रोल करून मग हार्डनिंग केलेला. रेषा दुसऱ्यासारख्याच वळवा. मग दुसऱ्याच्या आट्यांच्या तळाशी दाब दाखवणारे छोटे बाण काढा, आणि तिसऱ्याच्या तळाशी काहीच काढू नका. विद्यार्थी आपणहून विचारतील, बाण कुठे गेले?