मिनिॲपोलिसची पोलीसव्यवस्था : दोष व्यक्तींचा की रचनेचा?

लिंकन स्टेफन्स यांचा मिनिॲपोलिस नगरावरील निबंध १९०३ च्या जानेवारीत 'मॅक्क्लुअर्स' या अमेरिकन मासिकात प्रसिद्ध झाला. महापौर एम्स, त्यांनी पोलीसप्रमुखपदी बसविलेला त्यांचाच बंधू आणि जुगारअड्ड्यांवरून पोलिसांमार्फत चालणारी हप्तेवसुली यांचा हा वृत्तांत. त्याची मांडणी नाटकासारखी आहे : खलपुरुषांचा उत्कर्ष, होव्ही क्लार्क यांच्या ग्रँड ज्यूरीचा प्रहार आणि नगराची सुटका. दुर्जन दूर केले की व्यवस्था शुद्ध होते, असा ग्रह या मांडणीने होतो. ही सुधारणा टिकेल काय, हा प्रश्न मात्र लेखकाने अखेरीस अनिर्णितच ठेवला. निबंधाचे खरे मोल त्या प्रश्नात आहे.

त्याचे उत्तर नंतरच्या इतिहासाने दिले, आणि ते प्रतिकूल आहे. १९४५ मध्ये महापौर झालेल्या ह्युबर्ट हम्फ्री यांनी या नगरास पुरोगामी लौकिक मिळवून दिला. परंतु १९६७ च्या दंग्यानंतर, १९६९ मध्ये, त्याच नगराने पोलीस संघटनेचे प्रमुख चार्ल्स स्टेनविग यांस महापौरपदी निवडले. १९९० मध्ये नागरी चौकशी मंडळ आले. तथापि शिक्षेचा अधिकार पोलीसप्रमुखाकडेच राहिला, आणि २०१२ च्या राज्य कायद्याने अशा मंडळाचा दोषनिर्णयाचा अधिकारही काढून घेतला. २०१६ मध्ये सहकाऱ्याचा अतिरेक रोखणे हे प्रत्येक पोलिसाचे कर्तव्य ठरले. २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा दाबला गेला, तेव्हा उपस्थित तीन सहकाऱ्यांपैकी एकानेही तो हटविला नाही. गुडघा दाबणारा अधिकारी नवशिक्यांचा प्रशिक्षक होता, ही गोष्ट विशेष बोलकी आहे. नियम कागदावर होता. शिकविली जात होती ती वहिवाट.

पोलीस खात्याच्या जागी नवे खाते आणण्याचा प्रस्ताव २०२१ मध्ये मतदारांनी फेटाळला. जानेवारी २०२५ मध्ये झालेला संघराज्य सरकारशी सुधारणेचा करार त्याच वर्षी मे महिन्यात, सत्तांतरानंतर, त्या सरकारनेच सोडून दिला. राज्याच्या मानवाधिकार विभागाशी २०२३ मध्ये झालेला, न्यायालयाच्या देखरेखीखालील करार तेवढा उरला.

यावरून सुधारणा व्यर्थ असतात, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. येथे माणसे बदलली, नियमही बदलले. पोलिसांच्या वर्तनाचा निवाडा करून तो अंमलात आणण्याचा अधिकार मात्र नागरिकांच्या हाती कधीच टिकला नाही. स्टेफन्स यांच्या नाटकातील खलपुरुष पडला. रंगमंच तोच राहिला.