डोक्यावरचं आणि डोक्यातलं

दलीपसिंग सौंद यांच्या आत्मचरित्राचं नाव ‘काँग्रेसमन फ्रॉम इंडिया’ (१९६०). मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आधी खादीची टोपी येते! सौंद मात्र कॅलिफोर्नियातून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात गेलेले. तिथं पोचलेले पहिले आशियाई. ‘फ्रॉम इंडिया’ हा त्यांचा मतदारसंघ नव्हे, मूळ गावाचा पत्ता. हाच पत्ता पाव शतक त्यांच्या आडवा आला आणि तोच त्यांनी मुखपृष्ठावर मिरवला. मला या शीर्षकातला खट्याळपणा फार आवडतो.

अमृतसर जिल्ह्यातून १९२० साली ते बर्कलीला गेले ते फळं टिकवण्याचं शास्त्र शिकायला. मिळवली मात्र गणितातली डॉक्टरेट, १९२४ साली. त्याच्या आदल्याच वर्षी भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क नाही असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं दिला होता. ज्याला नागरिक होता येत नाही त्याला कॅलिफोर्नियात जमीनही घेता येत नसे. गणिताचे हे डॉक्टर मग इंपीरियल व्हॅलीच्या भाजून काढणाऱ्या उन्हात शेती करू लागले. कायदा १९४६ साली बदलला, नागरिकत्व १९४९ साली मिळालं. पुढच्याच वर्षी वेस्टमोरलँड गावच्या न्यायाधीशपदाची निवडणूक ते जिंकले, पण नागरिक होऊन वर्ष पुरं झालं नव्हतं म्हणून खुर्ची मिळाली नाही. दोन वर्षांनी पुन्हा उभे राहिले.

त्या दुसऱ्या प्रचारातला एक प्रसंग सगळ्या चरित्राचा गाभा वाटतो. गावातल्या हॉटेलात एका वजनदार माणसानं चारचौघांत विचारलं, डॉक, तू निवडून आलास तर कोर्टात यायला पगड्या तू पुरवणार, की आम्ही विकत आणायच्या? सौंद म्हणाले, माणसाच्या डोक्यावर काय आहे याच्याशी मला देणंघेणं नाही, आत काय आहे तेवढंच मी बघतो. हॉटेल हसलं.

उत्तर नुसतं हजरजबाबी असतं तर मी ते विसरलो असतो. पण गंमत बघा: टोमणा पगडीवर आहे आणि पगडी तर सौंद यांनी अमेरिकेत केव्हाच उतरवलेली. ‘माझ्या डोक्यावर पगडी आहेच कुठे?’ असं म्हणून सुटता आलं असतं. त्यांनी पगडीला नाकारलं नाही आणि विचारणाऱ्याच्या डोक्यात काय आहे, हा प्रश्न मात्र हळूच टेबलावर ठेवला. शिवाय तो ‘डॉक’! विद्यापीठात कामी न आलेली पदवी शेतकऱ्यांच्या तोंडी टोपणनाव होऊन बसली होती.

हा हसरा सूर कधी खटकतोही. पुस्तक छापलं तेव्हा लेखक पदावर होता. मतदारांसमोर कडवटपणा परवडणारा नव्हता. प्रतिनिधिगृहाच्या १९५६ सालच्या निवडणुकीत त्यांनी हरवलं ते जॅकलिन कॉक्रन या श्रीमंत, जगप्रसिद्ध वैमानिक बाईंना. तीनदा निवडून आले. १९६२च्या मे महिन्यात पक्षाघाताचा झटका आला. बोलणं गेलं, आधाराशिवाय चालणंही गेलं. त्या नोव्हेंबरात मतदारांनी दुसऱ्याला निवडलं. त्यानंतर १९७३पर्यंत ते जगले.