दोन तबकड्या आणि न विचारलेला प्रश्न

बाजारात स्पर्धा असली की ग्राहकाचा फायदा होतो, असे आपण गृहीत धरतो. २००६ ते २००८ या काळात मुख्यतः जपान व अमेरिकेत चित्रपटांच्या दोन तबकड्यांमध्ये झालेली लढाई या गृहीतकाला छेद देते.

एका बाजूला तोशिबाची एचडी डीव्हीडी होती, दुसऱ्या बाजूला सोनी व तिच्या सहकारी कंपन्यांची ब्लू-रे. दोन्हींत ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा लेझर वापरलेला आणि दोन्हींवरचे चित्र १९२० × १०८० बिंदूंचे. ठळक फरक साठवणुकीचा: ब्लू-रेच्या एका थरात २५ गिगाबाइट मावत, एचडी डीव्हीडीत १५. प्रेक्षकाने चित्र पाहून निवड करावी, असे त्यात फारसे काही नव्हते. तरीही एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रात चालत नसे. शिवाय चित्रपट कंपन्याही वाटल्या गेल्या होत्या. युनिव्हर्सल फक्त एचडी डीव्हीडीकडे, तर डिस्ने आणि फॉक्स फक्त ब्लू-रेकडे. म्हणजे ग्राहकाला निवड मिळाली नाही, उलट त्याच्या आवडीच्या चित्रपटांचीच फाळणी झाली. हे अटळ नव्हते. १९९५ मध्ये सोनी-फिलिप्स आणि तोशिबा यांच्या गटांनी तडजोड केली होती, आणि त्यातूनच डीव्हीडी जन्माला आली होती.

या गदारोळात मूळ प्रश्न मागे पडला: एवढ्या स्पष्टतेची गरज कोणाला होती? निरोगी डोळा साधारणपणे अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखतो. त्या हिशेबाने ३२ इंची पडद्यावरच्या १०८० ओळींचा पुरेपूर लाभ घ्यायचा, तर सुमारे चार फुटांवर बसावे लागते. नऊ-साडेनऊ फुटांपलीकडून पाहणाऱ्याला, निदान ओळींपुरत्या, अमेरिकी डीव्हीडीच्या ४८० ओळीही पुरतात. मोठा पडदा असलेल्यांना फरक जाणवत होता, हे खरे. पण जाहिरात मात्र सर्वांसाठी होती.

निकालही दुकानात लागला नाही. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नरने केवळ ब्लू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने माघार जाहीर केली. ज्यांनी एचडी डीव्हीडीची यंत्रे घेतली होती, त्यांच्यासाठी नवे चित्रपट येणे थांबले. त्याआधी वर्षभर, जानेवारी २००७ मध्ये, नेटफ्लिक्सने इंटरनेटवरून चित्रपट दाखवायला सुरुवात केली होती. जिंकलेल्या तबकडीचा खरा प्रतिस्पर्धी असा आधीच उभा होता.

म्हणून तबकडी निरुपयोगी ठरली का? तसे नाही. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीच्या मूळ निगेटिव्हना १९९३ मध्ये लंडनमधील आगीची झळ बसली. त्यातून वाचलेला भाग आणि इतर प्रती यांच्या आधारे झालेली पुनर्स्थापना २०१५ मध्ये ब्लू-रेवर आली. इंटरनेटवरचा चित्रपट करार संपला की दिसेनासा होतो. कपाटातली तबकडी राहते. कंपन्यांनी ग्राहकाला स्पष्टता विकली. त्याला खरी गरज होती ती चित्रपट स्वतःजवळ राहण्याच्या खात्रीची, आणि त्या खात्रीसाठी दोन्ही गटांपैकी कोणीही भांडले नाही.