क्वाटर्नियन घेतला म्हणजे प्रश्न सुटला का? भट-बर्नस्टाइन यांचा पेपर वाचताना

विमानाच्या ॲटिट्यूड कंट्रोलवर वाचायला सुरुवात केली की एक सल्ला हमखास मिळतो: ऑयलर अँगलमध्ये गिंबल लॉक येतो, म्हणून क्वाटर्नियन वापरा. सल्ला चुकीचा नाही, पण त्यात तीन वेगवेगळ्या अडचणी एकाच पोत्यात भरल्या आहेत. त्या सुट्या करून दाखवणारा पेपर म्हणून मी संजय भट आणि डेनिस बर्नस्टाइन यांचं नाव घेईन. हा पेपर २००० साली 'सिस्टिम्स अँड कंट्रोल लेटर्स' या नियतकालिकात आला. भट यांनी पुढे आपल्या पवईच्या आयआयटीत एरोस्पेस विभागात शिकवलं आहे. पेपर छोटा आहे, सारखा उद्‌धृत होतो आणि बरेचदा त्यात आहे त्यापेक्षा जास्त किंवा कमी सांगून उद्‌धृत होतो. म्हणून तो काय म्हणतो आणि काय म्हणत नाही, ते आज बघू.

पहिली अडचण: वर्णनाची

विमान कुठे तोंड करून आहे हे सांगायला आपण यॉ, पिच आणि रोल असे तीन कोन घेतो, आणि तेही ठरलेल्या क्रमानं. क्रम बदलला की त्याच तीन आकड्यांचा अर्थ बदलतो. जायरो मात्र हे कोन मोजत नाही. तो विमानाच्या स्वतःच्या अक्षांभोवतीचा फिरण्याचा वेग मोजतो. त्यावरून यॉ किती वेगानं बदलतोय हे काढताना पिचच्या कोसाइननं भागावं लागतं. पिच ८५ अंश असेल तर हा भाजक सुमारे ०.०८७ होतो, म्हणजे उत्तर साडेअकरा पट फुगतं. ९० अंशांवर भाजक शून्य. विमानाला तिथं काहीच झालेलं नसतं, फक्त आपली भाषा संपते. क्रम बदलून बघितला तरी फरक पडत नाही, अडचणीची जागा फक्त सरकते. कोणतेही तीन आकडे घेतले तरी सर्व ॲटिट्यूड असं विनाखंड झाकता येत नाहीत, हे स्टुएल्पनागेल यांनी १९६४ मध्येच 'सियाम रिव्ह्यू'मध्ये मांडलं होतं.

दुसरी अडचण: दोन नावं, एक विमान

क्वाटर्नियनमध्ये तीनऐवजी चार आकडे असतात आणि त्यांवर एक अट. शून्यानं भागायची वेळ येत नाही. पण प्रत्येक ॲटिट्यूडला दोन क्वाटर्नियन मिळतात, एक धन आणि दुसरा त्याचाच ऋण. आता नेहमीचा कंट्रोल लॉ घ्या: क्वाटर्नियनच्या व्हेक्टर भागाच्या उलट दिशेनं टॉर्क, अधिक थोडं डँपिंग. याच्या दृष्टीनं 'अधिक एक' हे घर आहे आणि 'उणे एक' हे डोंगराचं टोक. प्रत्यक्षात दोन्ही ठिकाणी विमान अगदी त्याच स्थितीत असतं.

आकड्यांत बघू. क्वाटर्नियनचा पहिला घटक म्हणजे अर्ध्या कोनाचा कोसाइन. एखादं यान एका अक्षाभोवती ३५० अंश फिरलं, तर हा घटक कोसाइन १७५, म्हणजे उणे ०.९९६. घर १० अंशांवर आहे, पण कंट्रोलर ३५० अंश मागे वळवत नेतो. यालाच भट-बर्नस्टाइन 'अनवाइंडिंग' म्हणतात, गुंडाळलेला दोरा उलगडावा तसं. इथं नीट लक्ष द्या. हा दोष 'कंट्रोलर थोडा मंद आहे' असा नाही. एकाच भौतिक स्थितीला तो दोन वेगळी उत्तरं देतो, म्हणजे ॲटिट्यूडचं फंक्शन म्हणून तो कंट्रोल लॉच उरत नाही. माझ्या मते पेपरचा विद्यार्थ्यांना सर्वात उपयोगी भाग हाच.

तिसरी अडचण: जागेचीच

मग क्वाटर्नियन सोडून थेट रोटेशन मॅट्रिक्स घेतला तर? नऊ आकडे, सहा अटी, प्रत्येक ॲटिट्यूडला एकच नाव. तरीही, पेपर म्हणतो, कुठल्याही सुरुवातीपासून हव्या त्या ॲटिट्यूडवर आणून स्थिर करणारा कंटिन्युअस, म्हणजे मध्येच उडी न मारणारा, फीडबॅक लॉ असू शकत नाही.

प्रमेय व्हेक्टर बंडल आणि कॉम्पॅक्ट मॅनिफोल्डच्या भाषेत आहे, त्यामुळे अनेकजण तिथंच पान उलटतात. पण गाभा एका वर्तुळावर समजतो. फक्त दिशा विचारात घ्या आणि विमानाचं तोंड उत्तरेला आणायचंय असं समजा. उत्तरेच्या जरा उजवीकडे असताना टॉर्क डावीकडे हवा, जरा डावीकडे असताना उजवीकडे. आता उत्तरेच्या उजवीकडून निघून दक्षिणेवरून फेरी मारत डावीकडे पोचा. वाटेत टॉर्कचं चिन्ह बदललंच पाहिजे. आणि टॉर्क कंटिन्युअस असेल तर कुठंतरी तो शून्य होणारच. त्या दिशेला स्थिर उभं असलेलं विमान तिथंच राहील. बारावीच्या गणितात भागतं हे. पूर्ण प्रमेय हाच विचार तीन अक्षांच्या फिरण्याला लावतं: सगळं एका समतोलाकडे जात असेल तर सगळी जागा आकसत एका बिंदूवर आणता आली पाहिजे, आणि फिरण्याची जागा तशी आकसत नाही.

पेपर कुठं अपुरा पडतो

एक, 'ग्लोबल जमत नाही' याची किंमत किती, हे प्रमेय सांगत नाही. रोटेशन मॅट्रिक्सवर नीट निवडलेला लॉ घेतला तर नकोसे समतोल तीनच उरतात, १८० अंश उलटे, आणि ते अस्थिर असतात. त्यांच्याकडे ओढल्या जाणाऱ्या सुरुवाती इतक्या विरळ की त्यांचं माप शून्य. चतुर्वेदी, सन्याल आणि मॅकक्लॅमरॉक यांचा २०११चा लेख हे छान समजावतो. मात्र त्या समतोलांच्या जवळून सुटायला वेळ लागतो, आणि व्यवहारात हा वेळच टोचतो.

दोन, 'मग कंटिन्युअसची अट सोडू' हा मार्ग दिसतो तितका सोपा नाही. पहिल्या घटकाचं चिन्ह बघून दिशा निवडली तर तो शून्याजवळ असताना सेन्सरच्या नॉइजमुळे निर्णय इकडे-तिकडे उड्या मारतो. मेह्यू, सॅनफेलिस आणि टील यांनी २०११ मध्ये यावर हिस्टेरेसिसचा उपाय दिला: फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्याशिवाय निर्णय बदलायचाच नाही. भट-बर्नस्टाइन वाचून झाल्यावर हा पेपर लगेच वाचावा.

तीन, पेपरमधलं 'रिजिड बॉडी' आणि आपलं विमान यांत अंतर आहे. विमानाचा टॉर्क हवेच्या वेगावर आणि कंट्रोल सरफेसच्या मर्यादेवर अवलंबून असतो. शिवाय विमान नाक वळवतं तेव्हा त्याचा मार्गही बदलतो. एअरबस ए३२०च्या नॉर्मल लॉमध्ये पिच वर ३० आणि खाली १५ अंशांवर, बँक ६७ अंशांवर अडवलेला असतो. त्या चौकटीत ऑयलर अँगल व्यवस्थित चालतात, आणि हे प्रमेय तिथं दारही ठोठावत नाही. ते खरं लागू होतं उपग्रहाला, कोलांट्या मारणाऱ्या क्वाडकॉप्टरला, शेपटीवर उभं राहून उडणाऱ्या ड्रोनला. ही पेपरची चूक नाही, कारण लेखकांनी विमानाचा दावा केलेलाच नाही. चूक होते ती आपण प्रस्तावनेत त्याचा हवाला देऊन पुढं ३० अंशांच्या आतलंच सिम्युलेशन दाखवतो तेव्हा.

वाचताना विचारायचे प्रश्न

ॲटिट्यूड कंट्रोलचा कुठलाही पेपर हातात आला की तीन गोष्टी तपासा. लेखक सांगतात ती अडचण वर्णनाची आहे, दुहेरी नावांची आहे, की जागेची? 'ग्लोबल' म्हणताना ते क्वाटर्नियनच्या गोलावर बोलतायत, की खऱ्या ॲटिट्यूडवर? आणि सिम्युलेशनच्या सुरुवातीच्या स्थितींत पहिला घटक ऋण असलेली एक तरी आहे का? तिसरा प्रश्न सर्वात स्वस्त आहे. तुमच्या स्वतःच्या कोडमध्ये तो आजच चालवून बघता येईल: सुरुवातीचा क्वाटर्नियन ऋण करा आणि आलेख तोच येतो का ते पाहा.